जुन्या, झिजलेल्या वस्तऱ्यासाठी कृत्रिम दगड की कोटिक्युल?

वस्तऱ्याचा गंज उतरवून झाला आहे, मूठ पुन्हा जोडली आहे आणि भिंगाखाली पाहून धारेला तडा नसल्याची खात्री केली आहे, असे गृहीत धरतो. आता प्रश्न उरतो तो धार लावण्याच्या दगडाचा. १०००, ४०००, ८००० आणि १२००० अशा क्रमांकांचे कृत्रिम दगड (क्रमांक जितका मोठा, तितका दगड बारीक) घ्यावेत, की बेल्जियमच्या आर्डेन भागात सापडणारा कोटिक्युल हा पिवळसर नैसर्गिक दगड? मी दोन्हींवर काम केले आहे. माझा कल पुढे दिसेलच. पण ज्याला अगदी वेगळा अनुभव आला असेल, त्याला मी चूक म्हणणार नाही.

कृत्रिम दगडांची मोठी जमेची बाजू म्हणजे त्यांचा भरवसा. १००० क्रमांकाचा दगड पोलाद भराभर कापतो आणि दोन्ही बाजूंचे उतार धारेवर एकत्र आणण्याच्या मूळ कामात त्याला तोड नाही. एका दगडाचे चरे पुढच्या दगडाने पुसले गेले, की त्याच्या पुढच्याकडे वळायचे. नवशिक्यालाही आपण कुठे पोहोचलो आहोत, हे कळत राहते.

माझे मन मात्र इंग्लंडमधल्या शेफील्डच्या एका वस्तऱ्याने फिरवले. पात्याच्या शेपटीवर फक्त ‘इंग्लंड’ असा छाप होता. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे १८९१ पासून सक्तीचे झाले, त्यामुळे तो साधारण त्या काळानंतरचा असावा, असे मी धरले. पाते पाचरीसारखे जाड, पाठ चांगलीच घासलेली आणि धार मध्यभागी आत गेलेली. ती सरळ करण्यात १००० च्या दगडावर माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. नंतर ४००० वर नेण्यापूर्वी धारेच्या उतारावर मार्करची शाई लावली आणि हलक्या हाताने काही फेरे दिले. दोन्ही टोकांची शाई गेली, मधली तशीच राहिली. पाते वाकले असावे, या शंकेने ते उलटे केले, तर त्या बाजूलाही मधली शाई शाबूत होती. वाकलेल्या पात्याची एक बाजू खोलगट असली तर दुसरी फुगीर असते. दोन्ही बाजूंना मध्येच शाई राहते, याचा अर्थ दोष दगडात आहे. पोलादी पट्टी दगडावर उभी धरली, तेव्हा तिच्याखालून उजेडाची बारीक फट दिसली.

दगड सपाट करणे काही अवघड नाही. पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि त्या पूर्ण पुसल्या जाईपर्यंत डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली सपाट पट्टी, फिरवायची. पण हे प्रत्येक दगडाला, वरचेवर करावे लागते. शिवाय प्रत्येक वेळी दगड, प्लेट आणि हात नीट धुवावे लागतात, कारण जाड दगडाचा एक कण बारीक दगडावर राहिला तरी तयार धारेवर चरा उमटतो. मला नुसत्या वेळेचा त्रास वाटला नसता. मात्र वस्तरा पाठ दगडावर टेकवूनच घासतात, त्यामुळे खोलगट दगडावरचा प्रत्येक वाया गेलेला फेरा पाठीचेही पोलाद खातो, आणि पाठीची जाडी व पात्याची रुंदी यांवरच धारेचा कोन ठरतो. आधीच झिजलेल्या वस्तऱ्यात असे उधळायला पोलाद शिल्लक नसते. पाठीवर चिकटपट्टी लावून ती वाचवता येते, हे खरे. पण पट्टीही घासली जाते आणि वेळोवेळी बदलावी लागते.

कोटिक्युल फार सावकाश झिजतो आणि माझ्या दगडाला सपाटीची गरज क्वचितच पडली आहे. त्यातले गार्नेट या कठीण खनिजाचे कण अनेक पैलूंचे असल्याने चरे उथळ पडतात. त्याच दगडाच्या छोट्या तुकड्याने घासून दुधट गाळ काढला की तो बऱ्यापैकी कापतो. मग थेंब थेंब पाणी घालत गाळ पातळ करत न्यायचा आणि शेवटी स्वच्छ पाण्यावर थांबायचे. खरी परीक्षा इथे आहे, कारण पाणी घालायला उशीर झाला तर तोच गाळ धार बोथट करतो. सुरुवातीचे कित्येक वस्तरे मला पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागले. शिवाय हा दगड खाणीतून येतो, त्यामुळे एकाचा कापण्याचा वेग दुसऱ्यात मिळेलच असे नाही, आणि जाड पाचरीच्या पात्यावर नव्याने उतार घडवायला तो फारच मंद वाटतो.

म्हणून १००० चा एक कृत्रिम दगड मी अजूनही ठेवला आहे. उतार जुळवण्याचे काम त्याच्यावर, त्याआधी तो सपाट करून. पुढचे सारे कोटिक्युलवर. १२००० वरून आलेली धार माझ्या हाताला अधिक तीक्ष्ण लागते, यात शंका नाही, पण गालावर ती थोडी कोरडी वाटते. कोटिक्युलची धार चामड्यावर पन्नास-साठ वेळा परजल्यावर केस तितक्याच सहज कापते आणि त्वचा शांत राहते. आपल्याकडे पोकळ घासणीचे (पात्याच्या बाजू आत खोलगट घासलेले), पाठ फारशी न झिजलेले वस्तरे अधिक असतील आणि अनेक वस्तरे एकापाठोपाठ करायचे असतील, तर कृत्रिम दगडांचा संच कदाचित सोयीचा पडेल. एखादाच जुना, पातळ झालेला वस्तरा दीर्घकाळ वापरायचा असेल, तर मी कोटिक्युलच सुचवीन.