थ्रीएम १८६० की १८७०+? वॉर्डसाठी एन-९५ निवडताना

साथीच्या काळात खरेदी विभागाला नुसतं ‘एन-९५ पाठवा’ असं कळवलं, तर हाती येईल तो मास्क गोड मानून घ्यावा लागतो. रुग्णालयांसाठी बनवलेल्या एन-९५ मध्ये थ्रीएम कंपनीची १८६० आणि १८७०+ ही दोन मॉडेलं नेहमी समोर येतात. गाळण्याची परीक्षा दोघांची एकच: अडवायला सगळ्यांत अवघड अशा, साधारण ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी किमान ९५ टक्के अडले पाहिजेत. त्यामुळे टक्केवारी बघून निवड करण्यात अर्थ नाही. बघायची ती कड, म्हणजे मास्क चेहऱ्याला कुठे टेकतो आणि कुठे सुटतो.

(‘कोरोनाचा विषाणू ०.१ मायक्रॉनचा, मग हा मास्क काय अडवणार?’ असं अजूनही विचारलं जातं. ०.३ हे भोकाचं माप नाही. त्याहून बारीक कण हवेत भरकटत जाऊन तंतूंना चिकटतात, मोठे कण आदळून अडकतात. शिवाय विषाणू सुटा फिरत नाही, थेंबांतून फिरतो.)

१८६० कपाच्या आकाराचा, कडक बांधणीचा आहे. श्वासाच्या ओलाव्याने तो ओठांवर बसत नाही, त्यामुळे लांब ड्युटीला बरा. सामान्य मापाशिवाय लहान चेहऱ्यासाठी १८६०एस मिळतो. मात्र खिशात कोंबला की कप चेपतो, आणि कडेला एकदा घडी पडली की सील, म्हणजे कड चेहऱ्याला फट न राहता चिकटणं, विसरा. सतत बोलावं लागत असेल तर जबड्याबरोबर कड उचलली जाऊ शकते. १८७०+ तीन भागांचा, घडीचा आणि सुटा पॅक केलेला आहे. त्याचे भाग बोलताना जबड्याबरोबर सरकतात आणि वरच्या भागाच्या रचनेमुळे चष्म्यावर वाफ कमी धरते. तो एकाच मापात येतो. दोन्हींना झडप नाही, म्हणजे घालणाऱ्याचा उच्छ्वासही गाळूनच बाहेर पडतो. दोन्ही रक्ताची चिळकांडी अडवतात: १८६० पाऱ्याच्या १२० मिमी दाबापर्यंत, १८७०+ १६० पर्यंत. ओपीडी, समुपदेशन, फोनवरची कामं यांना १८७०+ आणि लहान चेहऱ्यांसाठी १८६०एस, असं आमचं मत. पण शेवटचा शब्द फिट टेस्टचा, म्हणजे तो मास्क त्या चेहऱ्यावर गळतीशिवाय बसतो का हे पाहणाऱ्या चाचणीचा.

ही टेस्ट पुष्कळ ठिकाणी कागदावरच होते. खरी अशी: आधी मास्क न घालता, डोक्यावर हूड चढवून सॅकरीनचा किंवा कडू बिट्रेक्सचा पातळ फवारा देतात आणि त्या माणसाला चव कळते का ते पाहतात. चव कळलीच नाही तर पुढची टेस्ट निरर्थक. त्याआधी १५ मिनिटं खाणं-पिणं, सिगारेट, च्युइंगगम बंद. मग मास्क घालून तीव्र द्रावण, आणि साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, वर-खाली, बोलणं, वाकणं, पुन्हा साधा श्वास. प्रत्येकी एक मिनिट. चव लागली की नापास. मास्क नीट बसवून पुन्हा करायची, तरीही नापास तर मॉडेल किंवा माप बदलायचं. दाढीचे खुंट सीलखाली येत असतील तर टेस्ट घ्यायचीच नाही.

टेस्ट पास झाली तरी सील दर वेळी तपासायचं. वरचा पट्टा डोक्याच्या माथ्यावर, खालचा कानांखालून मानेवर. दोन्ही माथ्यावर चढवले तर हनुवटीजवळ गळती होते. नाकपट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत आणायची. एका हाताने चिमटली की टोकदार बाक पडतो आणि नाकाशेजारी फट राहते. मग दोन्ही तळहातांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे वारा लागला तर नाकपट्टी चुकली, गालाकडे लागला तर पट्टे. एन-९५ च्या आत सर्जिकल मास्क घालणारे हेच सील स्वतः तोडतात.

सॅनिटायझर मारून पुन्हा वापरणं तर सरळ घातक. मास्कच्या तंतूंवर कण ओढून धरणारा विद्युतभार असतो. अल्कोहोल किंवा साबणाच्या पाण्याने तो उतरतो, आणि मास्क दिसायला तसाच राहतो. तुटवड्यात तोच मास्क पुन्हा वापरावाच लागला तर कागदी पिशवीत, नाव घालून ठेवायचा, प्लास्टिकमध्ये नाही. पाचपेक्षा जास्त वेळा चढवायचा नाही, कारण पट्टे सैल होतात. रक्त किंवा स्राव उडाला की तो टाकायचाच.

काढताना ग्लोव्हज, गाऊन, गॉगल आधी; मास्क सगळ्यांत शेवटी, रुग्णाच्या खोलीबाहेर. खालचा पट्टा आधी, मग वरचा, समोरच्या भागाला हात न लावता. लगेच हात धुवायचे. एमआरआय खोलीत मात्र यातला कुठलाच नको, कारण नाकपट्टी धातूची असते.

तुटवड्यात बनावट मालही येतो. अमेरिकेच्या नायॉश संस्थेची मान्यता मास्कवरच छापलेली असते. १८६० चा मान्यता क्रमांक टीसी-८४ए-०००६. क्रमांक नाही, संस्थेच्या नावाचं स्पेलिंग चुकलं, डोक्याच्या पट्ट्यांऐवजी कानाचे लूप आहेत किंवा ‘मुलांसाठी मान्यताप्राप्त’ असं लिहिलंय, तर खोका न फोडता परत पाठवा.