लीटकोड: कॉम्प्युटरची डिग्री नसलेल्यांना कितपत कामाचे?

लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या साइटवर तीन हजारांहून जास्त प्रश्न आहेत. त्यातले बहुतेक फुकट सोडवता येतात आणि तुमची डिग्री कोणती, हे तिथे कोणी विचारत नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री, बी.कॉम. किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून डेव्हलपरच्या नोकरीसाठी धडपडणाऱ्या पोरापोरींना त्यामुळे सगळे पहिल्यांदा तिकडेच पाठवतात. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. मुलाखतीचा एक भाग लीटकोड फार चांगला शिकवते. दुसऱ्या भागाला ते हातही लावत नाही, आणि डिग्री नसलेला उमेदवार नेमका तिथेच अडकतो. दारव्हा, मेहकर, आर्वी, वरुड अशा गावात किंवा त्याच्याही आत राहून, मोबाइलच्या रोजच्या डेटावर तयारी करणाऱ्यांना यातले काय उपयोगी पडते ते बघू.

आधी चांगली बाजू, कारण ती खरोखर चांगली आहे. पहिलाच प्रश्न ‘टू सम’ घ्या. आकड्यांची एक यादी आणि एक टार्गेट दिलेले असते. कोणत्या दोन आकड्यांची बेरीज टार्गेटइतकी होते ते शोधून त्यांच्या जागा सांगायच्या. कोणालाही आधी सुचते ते लूपच्या आत लूप. पण प्रश्नाच्या तळाशी अटी दिलेल्या असतात, त्यात लिहिलेले असते की यादीत १०,००० पर्यंत आकडे असू शकतात. म्हणजे जवळपास ५ कोटी जोड्या तपासायच्या. त्याऐवजी हॅशमॅप, म्हणजे आकडा आणि त्याची जागा लिहून ठेवणारी, चटकन शोधता येणारी नोंदवही ठेवली, तर एकाच फेरीत काम होते: प्रत्येक आकड्याला विचारायचे की टार्गेटमधून तुला वजा केल्यावर जे उरते, ते आधी येऊन गेले का?

इथे एक बारीक खोच आहे. आधी तपासायचे, मग आकडा मॅपमध्ये टाकायचा. उलटे केले तर ३, २, ४ या यादीत टार्गेट ६ असताना पहिला ३ स्वतःलाच जोडीदार म्हणून सापडतो आणि उत्तर चुकते. मुलाखत घेणारा हेच विचारतो: हा क्रम असाच का? ज्याने उत्तर पाहून टाइप केले, तो इथे गप्प होतो. ज्याने चूक करून ‘रॉंग ॲन्सर’ पाहिले, त्याला कारण सांगता येते. लीटकोडची खरी कमाई ही आहे. कोणत्या टेस्ट केसवर तुमचा कोड पडला, हे लीटकोड बऱ्याचदा दाखवते.

त्या अटी वाचायची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या. यादी २० पर्यंतची असेल तर सगळे उपसंच तपासले तरी चालतात. हजारापर्यंत असेल तर दोन लूप खपतात. लाखाच्या घरात गेली की सॉर्टिंग, बायनरी सर्च, हॅशमॅप किंवा एका फेरीत संपणारी रीत लागते. बायनरी सर्चला १० लाख आकड्यांत फार तर २० वेळा बघावे लागते, कारण दर वेळी निम्मी यादी बाद होते. प्रश्न वाचतानाच अटीवरून रीत ओळखायची, आणि यादी वाढली की त्या रीतीचा वेळ किती वाढतो याचा अंदाज म्हणजेच ते ‘टाइम कॉम्प्लेक्सिटी’ नावाचे प्रकरण, ज्याला डिग्री नसलेले उगाच घाबरतात. बारावीपर्यंतच्या गणितात ते बसते.

आता सावधगिरीची गोष्ट. आपल्याकडे अभ्यास म्हणजे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, आणि त्यात प्रश्नसंच पाठ करायची सवय हाडात मुरलेली असते. तीच सवय लीटकोडवर आणली की ५०० प्रश्न सोडवूनही नवा प्रश्न सुटत नाही. संख्येच्या मागे लागू नका. ‘ब्लाइंड ७५’ नावाची ७५ प्रश्नांची यादी फुकट मिळते. तिच्यावरच वाढवलेली १५० प्रश्नांची यादी नीटकोड या साइटवर आहे, प्रश्नांच्या व्हिडिओसकट. फ्रेशरसाठी १५० भरपूर झाले. ‘हार्ड’ लिहिलेले प्रश्न सरळ सोडून द्या. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत ते क्वचित येतात आणि हिंमत मात्र खच्ची करतात.

विषयांचा क्रम असा ठेवा: ॲरे आणि हॅशमॅप, मग टू पॉइंटर, स्लायडिंग विंडो, स्टॅक, बायनरी सर्च, लिंक्ड लिस्ट, ट्री, त्यानंतर बीएफएस-डीएफएस, म्हणजे ग्राफमध्ये फिरायच्या दोन रीती. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग शेवटी, तेही ओळखीपुरते. एका प्रश्नाला २५ ते ३० मिनिटे कागदावर आणि कोडमध्ये झटा. नाही सुटला तर उत्तर समजून घ्या, खिडकी बंद करा आणि कोऱ्या पानावर स्वतः लिहा. दुसऱ्या दिवशी परत, आठवड्याने परत. तिसऱ्या वेळी न बघता आला तरच तो प्रश्न झाला म्हणा.

पायथॉनवाल्यांचा कोड रीत बरोबर असूनही वेळेत बसत नाही, त्याची कारणे बहुधा दोन. एक, लूपच्या आत ‘हा आकडा लिस्टमध्ये आहे का’ असे विचारणे. लिस्टमध्ये शोधताना पायथॉन पहिल्यापासून एकेक आकडा बघतो, म्हणजे लपलेला दुसरा लूपच. तिथे सेट वापरा, त्यात एकेक आकडा बघत जावे लागत नाही. दोन, रांगेतला पहिला घटक काढायला लिस्टचा ‘पॉप झिरो’ वापरणे. त्यात मागचे सगळे घटक एकेक जागा पुढे सरकतात. त्यासाठी दोन्ही टोकांनी घटक काढता येणारा ‘डेक’ असतो. जावा आणि सी++ वाल्यांनी बायनरी सर्चचा मध्य काढताना लो आणि हाय यांची बेरीज करून भागू नये. आकडे मोठे असले की बेरीज इंटिजरच्या मर्यादेबाहेर जाते. लो अधिक (हाय वजा लो) भागिले दोन, असे लिहा.

लीटकोडची सर्वात मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. तिथे फंक्शनचा सांगाडा आयता मिळतो, इनपुट आपोआप आत येते. कंपन्यांच्या ऑनलाइन टेस्टमध्ये बऱ्याचदा तसे नसते. पहिल्या ओळीत किती आकडे ते, दुसऱ्या ओळीत स्पेस देऊन आकडे, असे इनपुट स्वतः वाचावे लागते आणि उत्तर छापावे लागते. शंभर मीडियम प्रश्न सोडवलेली मुले या पहिल्या दोन ओळींत अडकतात. ओळ वाचा, स्प्लिट करा, प्रत्येकाला इंटिजर करा, हे बोटांना पाठ हवे. आठवड्यातले एक-दोन दिवस हॅकररँक या दुसऱ्या सरावाच्या साइटवर काढा. तिथल्या कितीतरी प्रश्नांत इनपुट हाताने वाचायला लावतात, आणि प्रॉब्लेम सॉल्व्हिंग, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) वगैरेंची बेसिक प्रमाणपत्रे फुकट मिळतात. रिझ्युमेवर डिग्रीच्या जागी काहीतरी दाखवायला ती बरी.

एसक्यूएलसाठी लीटकोडला पूर्ण गुण. ‘एसक्यूएल ५०’ नावाची मालिका करा. डिग्री नसलेल्याला सर्वात लवकर फळ देणारे पन्नास प्रश्न हेच. त्यातलाच ‘सेकंड हायेस्ट सॅलरी’ हा जुना प्रश्न घ्या, जो मुलाखतीत आजही विचारतात. पगार उतरत्या क्रमाने लावून दुसरा उचलायचा, इतके सगळ्यांना येते. पण दोघांचा पगार सारखा असेल तर तो एकदाच धरणारा ‘डिस्टिंक्ट’ लागतो. आणि टेबलात एकच पगार असेल तर उत्तर रिकामे न येता ‘नल’, म्हणजे ‘मूल्य नाही’ असे यायला हवे, म्हणून ती क्वेरी आणखी एका सिलेक्टच्या आत ठेवावी लागते. प्रश्न एक, पण त्यात तीन गोष्टी तपासल्या जातात.

आता लीटकोडवर जे नाहीच, त्याबद्दल. प्रोसेस आणि थ्रेडमध्ये फरक काय, डेडलॉक कसा होतो, ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर पान येईपर्यंत काय काय घडते, ४०१ आणि ४०३ या एररमध्ये फरक काय, डेटाबेसला इंडेक्स का लावतात? कॉम्प्युटर इंजिनिअरिंगवाल्यालाही हे विचारतात, पण त्याने ते कॉलेजात शिकलेले असते. तुमचा रिझ्युमे पाहून मुद्दाम विचारतील. एमएस-सीआयटीचा इथे काही उपयोग नाही. तो कोर्स कॉम्प्युटर वापरायला शिकवतो, त्याच्या आत काय चालते ते नाही.

यासाठी फुकटातल्या तीन जागा भरवशाच्या. इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प. लिनक्स, सी, जावा, पायथॉन यांचे दहा-बारा मिनिटांचे छोटे धडे तिथे आहेत आणि त्यातले बरेच मराठीत ऐकायला मिळतात. काही धड्यांत दाखवलेली सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी आहे, तरी पाया तोच. हार्वर्डचा सीएस५० हा कोर्स सगळ्यात सुंदर. आठवडा ० ते १० असा त्याचा क्रम आहे. त्यातला चौथा आठवडा, मेमरीचा, अजिबात गाळू नका. पॉइंटर आणि मेमरी एकदा समजली की लिंक्ड लिस्ट पाठ करावी लागत नाही. तिसरी जागा एनपीटीईएल. ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेसचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग तिथे आहेत. लांबलचक आणि संथ आहेत, पण मुलाखतीतल्या ‘का’ला उत्तर त्यातूनच मिळते. सगळे बघत बसू नका, हवे तेवढे विषय निवडा.

वाचण्यापेक्षा करून बघण्यात जास्त हशील आहे. इंडेक्सचेच बघा, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी डेटाबेसची शोधसूची. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस फुकट आहे आणि नेटशिवाय चालते. पायथॉनने १० लाख ओळींचे एक टेबल बनवा: शेतकऱ्याचा क्रमांक, गाव, पीक, क्विंटल. एका क्रमांकाची ओळ शोधा आणि क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन क्वेरी प्लॅन’ लावा. ‘स्कॅन’ असे दिसेल, म्हणजे सगळे टेबल चाळले. आता त्या रकान्याला इंडेक्स लावून परत चालवा. ‘सर्च’ आणि पुढे इंडेक्सचे नाव दिसेल. मग विचार करा की सगळ्याच रकान्यांना इंडेक्स का लावत नाहीत. कारण प्रत्येक नवी ओळ घालताना टेबलाबरोबर सगळे इंडेक्सही बदलावे लागतात आणि जागा खातात. एवढे स्वतः करून पाहिलेला उमेदवार पाच मिनिटे न अडखळता बोलतो.

बोलणे हा भाग लीटकोडला सर्वस्वी परका. ‘जमते गा, पण सांगता नाही येत,’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. मुलाखतीत गप्प बसून लिहिलेला बरोबर कोड आणि बोलत बोलत लिहिलेला जवळजवळ बरोबर कोड, यात दुसऱ्याला बऱ्याचदा जास्त गुण मिळतात. मोबाइलचा रेकॉर्डर लावा, सोडवलेला प्रश्न आधी मराठीत समजावून सांगा आणि मग इंग्रजीत. क्रम ठरलेला हवा: प्रश्न आपल्या शब्दांत, शंका, साधी रीत आणि तिचा वेळ, सुधारलेली रीत, कोड, शेवटी रिकामी यादी किंवा एकच आकडा टाकून तपासणी. ऐकताना उच्चाराची काळजी सोडा, कुठे थांबलात ते बघा. जिथे थांबलात तिथे समज कच्ची आहे. आठवड्यातून एकदा दोघे-तिघे मिळून एकमेकांची मुलाखत घ्या. अभ्यासिकेत बोलता येत नाही, म्हणून शाळेचे मैदान किंवा कोणाचे तरी घर बघा.

डेटाच्या बाबतीत लीटकोड सोयीचे आहे. प्रश्न वाचायला आणि कोड पाठवायला फारसा डेटा जात नाही, डेटा खातात ते व्हिडिओ. कोड ‘व्हीएस कोड’ या एडिटरमध्ये स्वतःच्या लॅपटॉपवर लिहा, तीन-चार उदाहरणे तिथेच चालवून बघा आणि नेट असेल तेव्हा चिकटवून पाठवा. अर्ध्यात रेंज गेली तरी लिहिलेले जात नाही. मोबाइलवर प्रश्न वाचून विचार करता येतो, कोड टाइप करायच्या भानगडीत पडू नका. प्रीमियमचे पैसे भरायची गरज नाही. त्यात कोणत्या कंपनीने कोणता प्रश्न विचारला ते दिसते, पण पहिल्या नोकरीसाठी त्यावाचून काही अडत नाही. वाचलेल्या पैशात जुन्या लॅपटॉपला एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाका.

अर्ज करताना जाहिरातीतली पात्रता नीट वाचा. दहावी, बारावी आणि पदवीला ६० टक्के, शिक्षणात ठरावीकपेक्षा जास्त खंड नको, अशा अटी मोठ्या कंपन्यांच्या भरतीत असतात आणि त्या पोर्टलवरच अर्ज अडवतात. तिथे लीटकोड काही करू शकत नाही. नागपूरच्या मिहान आणि परसोडीपासून पुण्यापर्यंतच्या लहान कंपन्या मात्र काम बघतात. त्यांना दाखवायला एक पूर्ण झालेला प्रोजेक्ट ठेवा. डेटा डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयने, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमला थेट मागवता येतील असे मिळतात. कापूस, सोयाबीन, तुरीचे भाव साठवून तुलना दाखवणारे साधे ॲप करा. भाव आला नाही त्या दिवशी काय दाखवता, एकच नोंद दोनदा आली तर काय करता, हे प्रश्न त्यावर येणारच, आणि उत्तरे तुमची स्वतःची असतील. नोकरी लावून देतो म्हणत आधी डिपॉझिट मागणाऱ्यांच्या दारात मात्र उभे राहू नका. खरी कंपनी मुलाखतीचे पैसे घेत नाही.

ऑनलाइन टेस्टच्या दिवसाची तयारी आदल्या दिवशीच करा. कॅमेरा चालू असतो, टॅब बदलला तर नोंद होते, मागे माणसे दिसली तरी शंका घेतात. लॅपटॉप पूर्ण चार्ज आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असलेले दोन फोन जवळ ठेवा. एकाचा हॉटस्पॉट गेला तर दुसरा लगेच जोडता आला पाहिजे, म्हणून दोन्हींचे पासवर्ड लॅपटॉपमध्ये आधीच टाकून ठेवा. गावात दुपारी लाइन जाण्याची वेळ ठरलेली असेल आणि टेस्टची वेळ निवडता येत असेल, तर सकाळची घ्या. मध्येच नेट तुटले तर पान बंद करू नका, तसेच राहू द्या. पडद्यावर आलेल्या एररचा आणि वेळेचा फोटो घ्या आणि टेस्टच्या ईमेलमध्ये दिलेल्या मदतीच्या पत्त्यावर तेव्हाच्या तेव्हा पाठवा. उशिरा कळवले तर कारण कितीही खरे असो, पुन्हा संधी मिळणे अवघड होते.