काथ्या-पीएलएच्या रोपकुंड्या: दोन लॉट, एक हंगाम

पपईच्या रोपाचं मूळ दुखावलं की रोप आठ-दहा दिवस मान टाकून बसतं. पिशवी फाडताना कितीही जपलं तरी मातीचा गड्डा फुटायचा तो फुटतोच. म्हणून कुंडीसकट लावता येईल असं काहीतरी मी दोन वर्षं शोधत होतो. यंदा जानेवारीत नारळाचा काथ्या आणि पीएलए यांच्या चार इंची कुंड्या मागवल्या. पीएलए म्हणजे मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल करून त्यातून बनवलेलं प्लास्टिक. खोक्यावर ‘३० टक्के काथ्या’ असं छापलं होतं. एक कुंडी ९ रुपयांना पडली. साधी पिशवी सव्वा रुपयात येते, त्यामुळे प्रत्येक कुंडी बारकाईने बघितली.

पहिला लॉट २०० कुंड्यांचा. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. रोपं पंधरा दिवसांची झाली आणि कुंड्यांच्या कडा सोलायला लागल्या. बोटाने दाबलं की तडा जायचा, आणि तोही नेमका काथ्याच्या धाग्याच्या कडेकडेने. तिसऱ्या आठवड्यात साठ-सत्तर कुंड्या उचलताना हातातच फुटल्या. रोपं परत पिशव्यांत भरली, त्यात अठरा दगावली.

मी बावीस वर्षं इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेसमध्ये काढली. धागे मोजायचं भिंग अजून घरात आहे. फुटलेल्या कडेवर ते धरलं आणि सगळा उलगडा झाला. धागे सबंधच्या सबंध उपसून आले होते. त्यांच्या अंगावर प्लास्टिकचा कणसुद्धा नव्हता, आणि प्लास्टिकमध्ये त्यांच्या जागी गोल, गुळगुळीत भोकं राहिली होती. दोघांनी एकमेकांना धरलंच नव्हतं. भिंतीत टाचणीच्या टोकाएवढे फुगेही दिसले.

याचं कारण धाग्यातच आहे. काथ्या काय, ताग काय, कापूस काय, सगळ्यांच्या सेल्युलोजवर (धागा ज्याचा बनतो तो पदार्थ) हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात आणि त्यांना पाण्याची ओढ असते. पीएलएला पाण्याचं तेवढं आकर्षण नाही. त्यातून काथ्यावर वरून मेणचट थर असतो. वितळलेलं प्लास्टिक अशा धाग्यावर नीट पसरत नाही, मध्ये बारीक फट राहते. आपण रोज झारीने पाणी घातलं की ते फटीतून आत शिरतं, धागा फुगतो, ऊन लागलं की आकसतो, आणि फट रुंद होत जाते. फुगे आले ते ओल्या काथ्यामुळे. पीएलए १७० ते २०० अंशांवर वितळवून ओततात. धागा नीट वाळवलेला नसला तर ओलाव्याची तिथे वाफ होते, आणि त्या उष्णतेत पाणी पीएलएच्या लांब साखळ्याही तोडतं. मग माल ठिसूळ निघणारच. आमच्याकडे कापड ओलं राहिलं तर पुढचं खातं ते परत पाठवायचं. इथे तसं कुणी केलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

दुसरा लॉट दुसऱ्या कारखान्याचा, १५० कुंड्या. मागवण्याआधी फोनवर तासभर विचारून घेतलं. त्यांनी सांगितलं की काथ्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढून, धुऊन, भट्टीत वाळवतात. हे ऐकून मला गिरणी आठवली. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने सुतासाठी १८५० साली पेटंट घेतलेली तीच ही युक्ती. सुताला आम्ही वीस टक्क्यांच्या पुढचं कॉस्टिक द्यायचो, काथ्याला पाचेक टक्के पुरतं. मेण आणि हेमिसेल्युलोज (सेल्युलोजभोवतीचा, सहज विरघळणारा भाग) निघून जातं, धाग्याचं अंग खरबरीत होतं आणि प्लास्टिकला धरायला खाचा मिळतात. शिवाय ते मॅलेइक अॅनहायड्राइड नावाचं सांधणारं रसायन जोडलेलं थोडं पीएलए मिसळतात. त्याचं अॅनहायड्राइडचं टोक धाग्याच्या हायड्रॉक्सिलशी रासायनिक बंध करतं आणि उरलेली साखळी भोवतालच्या पीएलएत गुंतते.

फरक भिंगाखाली स्वच्छ दिसला. या लॉटची एक कुंडी मुद्दाम फोडली, तर धागे उपसून न येता भिंतीच्या पातळीलाच तुटले. एक-दोन बाहेर आले तेही प्लास्टिकच्या चिंध्या अंगावर घेऊन. पंचेचाळीस दिवस रोज पाणी घालून दीडशेतली एकही कुंडी फुटली नाही. मार्चच्या उन्हात बंद टेम्पोत ठेवलेली कुंड्यांची एक चवड तेवढी वाकली. पीएलए ५५-६० अंशांना मऊ पडतं, तेव्हा वाहतूक सकाळचीच ठेवा.

आता खरी अडचण. ‘तीन महिन्यांत मातीत विरते’ असं दोन्ही खोक्यांवर लिहिलं होतं, आणि ते चूक आहे. मार्चमध्ये कुंडीसकट लावलेलं एक रोप जुलैत उकरलं. मुळ्या फक्त तळाच्या भोकांतून बाहेर आल्या होत्या, भिंत जशीच्या तशी. पहिल्या लॉटचे तुकडेही पुरले होते. त्यांतला काथ्या सुटा झाला होता, पण प्लास्टिकचे कपचे तसेच हाताला लागले. पीएलए लवकर मोडायला कंपोस्टची ऊब लागते, चाचणीसुद्धा ५८ अंशांच्या आसपास घेतात. आपली जमीन तेवढी कधी तापते? शेजारच्या प्रेसमडच्या (साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळाच्या) ढिगात मात्र, जिथे हात घालवत नाही इतकी ऊब असते, दुसऱ्या लॉटचे तुकडे अडीच महिन्यांत बोटांनी चुरडण्याइतके झाले.

तरीही दुसरा लॉट मला आवडला, आणि घ्या असंच सांगेन. पण लावताना तळ कापून काढा आणि बाजूला ब्लेडने चार उभ्या चिरा द्या. मी शंभर रोपांना असं केलं, एकही कोमेजलं नाही. विकत घेण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कंपोस्टेबल प्लास्टिकचं प्रमाणपत्र मागा. एक कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी कड वाकवून बघा, तडा धाग्याच्या बाजूने गेला तर लॉट परत करा.

कारखान्याला मी तळ सुटा देता येईल का असं विचारलंय. त्यांनी नमुना पाठवतो म्हटलंय. पुढच्या जानेवारीसाठी ४०० कुंड्या सांगून ठेवल्या आहेत, फक्त पपईसाठी. मिरची-वांगी ट्रेमध्येच.