इंदूरची रिंग की सोलापूरचा बंकर?

डिप्लोमा किंवा बीएस्सी हातात आली की सोलापुरातल्या दोन-चार पोरांच्या डोक्यात दरवर्षी अ‍ॅक्सिलरेटर शिरतो, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या कणांना वेग देणारं यंत्र. कुणीतरी सांगितलेलं असतं की इंदूरला राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 नावाची इलेक्ट्रॉन फिरवणारी मोठी रिंग आहे, केंद्र सरकारची नोकरी आहे. दुसरा कुणी म्हणतो, एवढ्या लांब कशाला जायचं, कॅन्सर हॉस्पिटलातला रेडिएशन देणारा लिनॅक म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरच की, घरची भाकरी खाऊन काम होईल. दोघांचंही खरं आहे. मी आधी आपल्याच भागातल्या एका हॉस्पिटलात लिनॅकची देखभाल बघायचो, मग रिंगच्या कंट्रोल रूममध्ये गेलो आणि आता तिथल्या पाळीतला जुना ऑपरेटर आहे. त्यामुळे माझा काटा पहिल्यापासून जरा झुकलेला आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू, आकार. हॉस्पिटलचा लिनॅक जाड भिंतींच्या एका खोलीत, म्हणजे बंकरमध्ये, मावतो. इंडस-2 मध्ये इलेक्ट्रॉन 172 मीटर घेराच्या वर्तुळात सेकंदाला 17 लाखांवर फेऱ्या मारतात. इकडे ऊर्जा 6 एमव्ही, तिकडे 2.5 जीईव्ही, म्हणजे चारशेपटीहून जास्त. सांगायला भारी वाटतं, नातेवाइकांवर छापही पडते. पण खुर्चीत बसलेल्या माणसासमोर ऊर्जेचा आकडा नाचत नसतो, त्याला दिसतात हिरवे आणि लाल चौकोन. दोन्हीकडे आरएफ आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनना ढकलणाऱ्या रेडिओलहरी, व्हॅक्यूम आहे, थंड पाणी आहे, आणि काही बिघडलं की यंत्र थांबवणारे इंटरलॉक आहेत. लाल चौकोन दिसल्यावर तुम्हाला काय करायची मुभा आहे, त्यावर सगळी नोकरी ठरते.

हॉस्पिटलचा दिवस मला आवडायचा, हे प्रामाणिकपणे सांगतो. सकाळी चिलरचं तापमान बघायचं, वेव्हगाइडमधल्या, म्हणजे लहरी वाहून नेणाऱ्या नळीतल्या, गॅसचा दाब बघायचा, वॉर्म-अप करायचा. मग फिजिसिस्ट येऊन आउटपुट, म्हणजे बाहेर पडणारा डोस, तपासणार, फरक तीन टक्क्यांच्या आत असला की पहिला पेशंट आत. बाहेरच्या बाकावर अक्कलकोट, मोहोळ, तुळजापूर, पलीकडून इंडीची माणसं. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच बाकावर. तोंडाचा कॅन्सर फार, तंबाखूची कृपा. त्यांना रेडिएशनची तिसाच्या आसपास सिटिंग, आठवड्याला पाच. सिनियर टेक्नॉलॉजिस्टचं खरं कसब दिसतं ते इथे. घाबरलेल्या, खोकणाऱ्या, रोज थोड्या वाळत चाललेल्या माणसाला रोज त्याच जागी, मिलिमीटरच्या हिशोबात निजवायचं. मला ते कधी जमलं नसतं. शेवटच्या सिटिंगला कुणी पेढे आणायचं, कुणी शेंगाचटणीची पुडी. रिंगवर इतक्या वर्षांत मला कुणी काही आणून दिलेलं नाही.

मग सोडलं का? सर्व्हिस मोडमुळे.

मी ज्यावर काम केलं ते यंत्र परदेशी होतं. बहुतेक सगळ्या लिनॅकना दोन दारं असतात. एक रोजच्या उपचाराचं, ते आपल्याला उघडं. दुसरं सर्व्हिस मोडचं, त्याचा पासवर्ड कंपनीच्या इंजिनिअरकडे. पहिल्या दारातून तुम्हाला फक्त इंटरलॉकचं नाव दिसतं. तो का आला, कुठला व्होल्टेज किती खाली गेला, कुठला आकडा हळूहळू सरकत होता, हे सगळं दुसऱ्या दाराआड. आता सोलापूरचा मे महिना डोळ्यासमोर आणा. बाहेर 43, गच्चीवरचा चिलर दमलेला. पाण्याचं तापमान दोन-तीन अंशांनी वर गेलं की आतली तांब्याची नळी किंचित फुगते, तिची रेझोनन्स फ्रीक्वेन्सी सरकते, लहरी पुरवणारा मॅग्नेट्रॉन तिच्यामागे धावतो, गाठ पडत नाही, डोस रेट घसरतो आणि यंत्र स्वतःला थांबवतं. हे मला समोर कळत होतं. पुढे करायचं काय, तर हेल्पलाइनला फोन लावायचा, तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा आणि पुण्याहून माणूस निघण्याची वाट बघायची.

बाहेर बाकावर वीस माणसं. त्यातला एखादा उठून यायचा, "सायेब, तुमी विंजनेर न्हवं? मग उघडा की." त्याला काय सांगणार? मागावर धागा तुटला तर जॉबर मालकाच्या परवानगीची वाट बघत बसत नाही, आणि माझ्यासमोर सोन्याच्या भावाचा माग बंद पडलेला असताना माझे हात खिशात. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर यायचा, पासवर्ड टाकायचा, एक-दोन आकडे सरकवायचा, फिजिसिस्ट पुन्हा आउटपुट मोजायचा आणि काम सुरू. तो आकडा मला आदल्या दिवशीच ठाऊक होता, असं निदान मला तेव्हा वाटायचं. माणूस चांगला होता तो. आम्ही एकत्र चहा प्यायचो. पण पासवर्ड टाकताना तो कीबोर्ड जरा तिरका करायचा, आणि तेवढं माझ्या डोक्यात बसलं.

अनुभव वाढला की हे कुलूप उघडेल असं वाटत असेल, तर माझ्यापुरतं सांगतो, तसं झालं नाही. सिनियर झाल्यावर एवढाच फरक पडला की हेल्पलाइनला फोन करायचं काम ज्युनियरकडून माझ्याकडे आलं.

कुलूप विनाकारण नाही, हेही सांगायला हवं. 1985 ते 1987 या काळात कॅनडात बनलेल्या थेरॅक-25 या उपचारयंत्राने अमेरिका आणि कॅनडात सहा पेशंटना भयानक जादा डोस दिला, त्यात माणसं गेली. सॉफ्टवेअरमध्ये दोष होता आणि आधीच्या यंत्रांतले हार्डवेअरचे इंटरलॉक या यंत्रात ठेवलेच नव्हते. पडद्यावर यायचं फक्त 'मालफंक्शन 54' असलं काहीतरी. असे संदेश रोजचेच असल्यामुळे ऑपरेटर 'पी' दाबून पुढे जायचे. उद्या माझ्या घरचं कुणी त्या टेबलावर असेल तर मीसुद्धा म्हणेन, कुलूप राहू दे. फक्त त्या प्रकरणात मला आणखी एक गोष्ट टोचते. 54 म्हणजे नेमकं काय, हे त्या ऑपरेटरांना मॅन्युअलमध्येसुद्धा धड सांगितलेलं नव्हतं. ज्याच्या बोटाखाली बटण आहे त्यालाच अंधारात ठेवायचं, हे तेव्हाही चुकीचं होतं आणि आजही मला पटत नाही.

आता रिंग. इथे मायक्रोट्रॉन 20 एमईव्हीचे इलेक्ट्रॉन देतो, बूस्टर त्यांना 550 पर्यंत नेतो, मग रिंगमध्ये थोडा थोडा बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत, साठवायचा आणि सगळ्या चुंबकांना एका तालात चढवत 2.5 जीईव्हीला न्यायचं. याला रॅम्प म्हणतात. रॅम्पमध्ये बीम पडला की पहिल्यापासून. आणि का पडला हे शोधणं तुमच्या कामात धरलेलं असतं. ट्यून, म्हणजे बीमच्या डुलण्याचा ताल, सरकला का, ऑर्बिट, म्हणजे त्याची वाट, वाकला का, कुठल्या पॉवर सप्लायने मान टाकली, आरएफ आधी गेला की बीम आधी गेला. हा शेवटचा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो, पण मिलिसेकंदांचे आलेख एकाखाली एक लावून रात्रभर बसावं लागतं. सगळे आलेख तुमच्यासमोर उघडे असतात. कुणी कीबोर्ड तिरका करत नाही.

दुसरं म्हणजे, बनवणारी माणसं तिथेच असतात. इंडस-2 च्या आरएफसाठी आधी क्लायस्ट्रॉन नावाच्या मोठ्या व्हॅक्यूम नळ्या होत्या, पुढे 505.8 मेगाहर्ट्झचे सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प्लिफायर केंद्रातल्याच लोकांनी तयार करून बसवले. म्हणजे ज्याने यंत्र बनवलं तो माणूस सकाळी पोह्याच्या रांगेत तुमच्या पुढे उभा असू शकतो. त्याला विचारता येतं, त्याच्याशी वाद घालता येतो, आणि लॉगबुकातल्या नोंदी दाखवून चार वेळा वाद घातला तर तो तुमचं म्हणणं धरून सेटिंग बदलतो. वाटेल ते करता येतं असं नाही. इंटरलॉक बायपास करायला लेखी मंजुरी लागते, आणि बोगदा फिरून, शोध-बटणं दाबून, आत कुणी नाही याची खात्री केल्याशिवाय बीम सुरूच होत नाही. पण ते नियम तुम्हाला कारणासकट शिकवलेले असतात. जसे तुम्ही जुने होता तसे जास्त आलेख, जास्त किल्ल्या आणि जास्त जबाबदारी तुमच्याकडे येते. सिनियर ऑपरेटर म्हणजे काय, तर माझ्या मते लाल चौकोन बघून दोन मिनिटं काहीच न दाबता बसू शकणारा माणूस.

आता रिंगची खोट. रात्रपाळी. 2010 पासून इंडस-2 चोवीस तास चालते, म्हणजे कुणीतरी पहाटे चार वाजता तिथे बसलेलं असतंच. ज्या घरातले आजोबा मिलच्या तिसऱ्या पाळीला गेले त्या घरात याचं वर्णन करायची गरज नाही. सणवार बुडतात. गड्ड्याच्या जत्रेला सुट्टी मिळेलच असं नाही. पहाटे बीम छान स्थिर असतो आणि तोच काळ सगळ्यात जड जातो. माझ्या शरीराने ते सोसलं, पण बरोबरीच्या एक-दोघांना झोपेचे त्रास झाले आणि त्यांनी जनरल पाळी मागून घेतली. इंदूर परकं वाटत नाही एवढं खरं. होळकरांचं गाव, मराठी बोलणारी घरं भरपूर, आणि आपल्या विद्यापीठालाही अहिल्यादेवींचंच नाव आहे. पण कडक भाकरी तिथे मिळत नाही आणि आईवडील सोलापुरातच म्हातारे होत असतात. या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

तिसरा पर्याय म्हणून कुणी मेडिकल सायक्लोट्रॉनचं, म्हणजे स्कॅनसाठी किरणोत्सारी माल बनवणाऱ्या यंत्राचं, नाव काढतं. सोलापुरात राहून ते धरू नका. पेट स्कॅनला लागणाऱ्या फ्लोरीन-18 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा माल संपायला लागणारा वेळ, जवळपास 110 मिनिटं. पुण्याहून निघालेली कुपी चार तासांनी सोलापुरात पोचेपर्यंत जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. म्हणून यंत्रं मोठ्या शहरांत, आणि ऑपरेटर मध्यरात्री उठून सकाळच्या पेशंटसाठी माल तयार करणार. रात्रपाळी आहेच, वर घरही लांब. रेडिएशनच्या भीतीवर मी जास्त बोलत नाही. मर्यादा सगळीकडे तीच, पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, डोस मोजणारा बिल्ला छातीवर लावायचा आणि नियमाने तपासायला द्यायचा. लग्नाच्या बैठकीत मात्र हा प्रश्न हमखास येतो, तयारी ठेवा.

कागदांचं बघा. लिनॅकवर पेशंटला उपचार द्यायचे तर रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीचं शिक्षण लागतं, नुसत्या फिजिक्सच्या बीएस्सीवर ते दार उघडत नाही; डिप्लोमावाल्याला देखभालीची बाजू. अणुऊर्जा विभागाच्या ट्रेनी भरतीला वयाची अट कडक आहे, पंचविशीच्या आसपास दार बंद होतं. रिंगवरून पुढे कधी हॉस्पिटलकडे वळता येईल. हॉस्पिटलात दहा वर्षं काढून ट्रेनी म्हणून रिंगवर येता येणार नाही. मी वेळेत निघालो म्हणून निघालो.

तरीही हॉस्पिटलच्या मुलाखतीला जाणार असाल, तर पगाराच्या आधी एक विचारा: देखभालीच्या करारात तुमच्या माणसाला कंपनीचं प्राथमिक ट्रेनिंग आणि मर्यादित सर्व्हिस अ‍ॅक्सेस आहे का? काही ठिकाणी असतो. तो असेल, तर माझ्या तक्रारीतली निम्मी हवा गेली, आणि ज्याला रात्र सोसत नाही त्याला सोलापूर सोडायला मी सांगणार नाही. नसेल, आणि बंद पडलेल्या यंत्रासमोर तुम्हाला नुसतं उभं राहवत नसेल, तर इंदूरचा फॉर्म आधी भरा.