एकट्याने तंबू ठोकायचा तर कुठे? झायन-ब्राइस की मोआब

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या वाळवंटातली राष्ट्रीय पार्कं बहुतेक जण फोटो पाहून निवडतात. चौघांत जायचं असेल तर हरकत नाही. पण एकट्याने, स्वतः गाडी हाकत आणि तंबूत राहत फिरायचं असेल, तर आधी तीन गोष्टी बघा: रात्री कुठे झोपणार, पाणी कुठे भरणार आणि संध्याकाळी परतला नाहीत तर ते कुणाच्या लक्षात येणार. पश्चिमेकडची झायन-ब्राइसची जोडी आणि पूर्वेला मोआब गावाजवळची आर्चेस-कॅन्यनलँड्सची जोडी यांतला खरा फरक इथेच आहे. हाताशी सहा-सात दिवस असतील तर एकच बाजू धरा. आठवड्यात सगळं उरकणारे मी पाहिलेत, त्यांच्या आठवणीत मुख्यतः डांबरच असतं.

लास वेगासहून झायन साधारण 160 मैल. वॉचमन कॅम्पग्राउंड दक्षिणेच्या प्रवेशद्वाराला लागून आहे. पिण्याचं पाणी आहे, पार्काच्या शटल बसचा थांबा चालत गाठता येतो आणि स्प्रिंगडेल गाव शेजारीच. हंगामात मुख्य घळीत खासगी गाडी नेता येत नाही, शटलच घ्यावी लागते. कुटुंबं यावर वैतागतात, पण एकट्या माणसाला ती सोयच आहे: पायवाटांवर सतत वर्दळ असते, पाय मुरगळला तर दहा मिनिटांत कुणीतरी भेटतं. शांतता मात्र विसरा. जागेचं ऑनलाइन आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. एंजल्स लँडिंगच्या सुळक्यावर चढायला 2022 पासून परवाना लागतो, तोही लॉटरीने.

व्हर्जिन नदीच्या पात्रातून चालायची 'नॅरोज'ची वाट सुंदर आहे, पण जुलै ते सप्टेंबर मी तिथे एकटी पाऊल टाकणार नाही. डोक्यावर निळं आकाश असताना मैलोगणती दूर पडलेल्या पावसाचा लोंढा घळीत येतो. सप्टेंबर 2015 मध्ये झायनच्याच कीहोल कॅन्यनमध्ये सात जण असे गेले, आणि ते तर गटाने उतरले होते.

तिथून दोन तासांवरचं ब्राइस आठ हजार फुटांवर आहे. वर्षातले दीडशेहून जास्त दिवस तिथे पाणी रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं. त्यानेच खडक फुटून ते केशरी सुळके घडले. मी मे महिन्यात गेले होते. सकाळी चहासाठी बाटली उचलली तर आत बर्फ खुळखुळत होता. झायनच्या उकाड्याला बेतलेली स्लीपिंग बॅग इथे कामाची नाही. जुलैच्या सुट्टीत जाणं भागच असेल, तर या चारांपैकी तंबूत झोप लागेल ती मात्र इथेच.

आता मोआब. राजगडाच्या सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, पाहून हरखणाऱ्या आपल्यासारख्यांना आर्चेस म्हणजे मेजवानी: दोन हजारांहून जास्त नेढी. डेव्हिल्स गार्डन कॅम्पग्राउंड प्रवेशद्वारापासून 18 मैल आत आहे. जागा 51, पाणी आहे, पण पार्कात ना खाणं ना पेट्रोल. मोबदला मोठा आहे. बाहेरून येणाऱ्यांच्या गाड्या पोहोचण्याआधी तुम्ही 306 फूट लांबीच्या लँडस्केप आर्चसमोर एकटेच उभे असता.

कॅन्यनलँड्स त्याहून कडक. 'आयलंड इन द स्काय' भागात विलो फ्लॅटला जागा फक्त 12, आरक्षण नाही, पाणीही नाही. नीडल्सला पाणी आहे, पण हा भाग कोलोरॅडो नदीच्या पलीकडे, गाडीने दोनेक तासांवर. सह्याद्रीत पायथ्याचं गाव, गडावरची टाकी, कुणाच्या तरी पडवीतलं पिठलं-भाकरी गृहीत धरायची सवय असते. इथे पायथ्याला गावच नाही. दिवसाला माणशी चार लिटर पाणी धरा, स्वयंपाकाचं वेगळं. म्हणून मी पोहे नेते. पास्ता उकळून पाणी ओतून देणं इथे पाप वाटतं.

याच टापूतल्या ब्लू जॉन कॅन्यनमध्ये एप्रिल 2003 मध्ये आरन राल्स्टनचा हात दगडाखाली अडकला. तो अनुभवी होता, पण कुठे जातोय हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पाच दिवसांनी हात स्वतः कापून तो सुटला. मोआबला जाणार असाल तर रोजचा बेत घरी लिहून ठेवा आणि उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र भाड्याने घ्या.

पैशांचा हिशेबही एकसारखा नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांना पार्कांचा वार्षिक पास 80 डॉलरला मिळतो, पुण्याहून येणाऱ्याला 2026 पासून 250 डॉलरला. पास नसेल तर झायन आणि ब्राइसला परदेशी पाहुण्याला नेहमीच्या शुल्कावर माणशी 100 डॉलर जास्तीचे पडतात. आर्चेस आणि कॅन्यनलँड्स त्या यादीत नाहीत, तिथे गाडीमागे 30-30 डॉलर. भारतातून येणाऱ्यासाठी हा फरक विमानातल्या जास्तीच्या बॅगेएवढा आहे.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा एकट्याने झायन-ब्राइस. एकदा रात्रीच्या काळोखाची सवय झाली की एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये मोआब. आणि पश्चिमेला गेलात तर झायनची एक रात्र कमी करून हायवे 12 ने कॅपिटॉल रीफ पार्कातल्या फ्रुटा कॅम्पग्राउंडपर्यंत जाच. 71 जागा, पाणी, तंबूंमधून फिरणारी हरणं, आणि चहूबाजूंनी मॉर्मन पंथाच्या वसाहतकारांनी लावलेल्या फळबागा. पेट्रोल मात्र 11 मैलांवरच्या टोरीत भरून घ्या. मोहोर थंडीत जळाला नसेल तर जूनच्या अखेरीस चेरी पिकलेली असते. झाडाखाली उभं राहून खाल ती फुकट, घेऊन जायची तर तिथल्याच काट्यावर तोलून पैसे पेटीत टाकायचे.