नऊ महिने कृत्रिम कीटकनाशकांशिवाय : घर आणि बाग

गेले नऊ महिने घरात आणि कुंड्यांमधल्या बागेत मी एकही कृत्रिम कीटकनाशक वापरलेले नाही. या काळात निंबोळी तेल, साबणाचे पाणी, चिकट सापळे, डायटोमेशियस अर्थ ही पावडर आणि डासांच्या अळ्यांसाठीचे बीटीआय हे जिवाणू या पाच गोष्टी मी नियमितपणे वापरल्या, आणि पहिल्या महिन्यात त्यांच्याविषयी जे मत झाले होते ते आज जवळजवळ प्रत्येकीच्या बाबतीत बदलले आहे. ‘रसायनविरहित’ हा शब्द मी मुद्दाम वापरलेला नाही, कारण साबण हेही रसायनच आहे आणि निंबोळीतला किडीवर काम करणारा घटक, अझाडिरॅक्टिन, हाही. खरा फरक आहे तो एखादे द्रव्य किती दिवस टिकते आणि किडीसोबत आणखी कोणाकोणाचा जीव घेते, यात.

या वाटेला लागण्याचे कारण गुलाबावरचा मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड. त्यापूर्वी मी तयार मिळणारा एक फवारा वापरत असे. दोन दिवसांत शेंडे स्वच्छ होत, आणि तीन आठवड्यांनी पूर्वीपेक्षा दाट मावा परत येई. याचे कारण पुढे वाचनातून कळले. माव्याची मादी नराशिवायच थेट जिवंत पिल्ले देते आणि ती पिल्ले साधारण आठवडा-दहा दिवसांत स्वतः पिल्ले देऊ लागतात. उलट मावा खाणाऱ्या ढालकिड्याला, म्हणजे लेडीबर्डला, अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत तीन ते चार आठवडे लागतात. दोघांनाही मारणारा फवारा मारला की आधी सावरतो तो मावा, आणि त्याला खाणारे तोवर कोणी उरलेले नसते.

निंबोळी तेलाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक गैरसमज त्याच्याच बाबतीत आढळतात आणि पहिल्या महिन्यात माझेही होते. मी तेल सरळ पाण्यात ओतून फवारले. तेल वर तरंगत राहिले, सुरुवातीला नुसते पाणी बाहेर पडले आणि शेवटी जवळजवळ शुद्ध तेल मिरचीच्या पानांवर बसून त्यांच्या कडा करपल्या. तेव्हापासून मी एक लिटर कोमट पाण्यात आधी एक ते दोन मिलिलिटर सौम्य द्रव साबण मिसळतो, मग पाच मिलिलिटर तेल घालून पाणी दुधाळ होईपर्यंत हलवतो आणि ते मिश्रण त्याच दिवशी संपवतो, कारण पाण्यात मिसळल्यावर अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होते. ते उन्हानेही विघटित होते आणि भर उन्हात तेलाने पानेही भाजतात. म्हणून फवारणी संध्याकाळी करावी, म्हणजे मधमाश्यांची ये-जाही थांबलेली असते. पानांची खालची बाजू भिजली नाही तर ही सारी मेहनत वाया जाते, कारण पांढरी माशी, मावा आणि लाल कोळी बहुतेक तिथेच असतात.

दुसऱ्या दिवशी मेलेल्या किडी दिसतील, ही अपेक्षा मात्र सोडून द्यावी. अझाडिरॅक्टिन किडीला लगेच मारत नाही. ते तिची खाण्याची इच्छा कमी करते आणि कात टाकण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणते, त्यामुळे पिल्ले मोठी होऊ शकत नाहीत. प्रौढ किडींवर परिणाम फारसा दिसत नाही आणि अंडी तर बहुधा सुटतातच. म्हणूनच सात दिवसांच्या अंतराने किमान तीन फवारण्या कराव्या लागतात. माझ्याकडे वांग्यावरची पांढरी माशी पहिल्या फवारणीनंतर जशीच्या तशी होती, तिसरीनंतर मात्र पान हलवल्यावर उडणारा पांढरा ढग दिसेनासा झाला. खरेदी करताना बाटलीवर अझाडिरॅक्टिनचे प्रमाण दिलेले आहे का, हे अवश्य पाहावे; काही तेलांतून ते काढून घेतलेले असते आणि अशी तेले केवळ किडीला गुदमरवण्याचे काम करतात. थंडीत तेल थिजते, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवली की ते पूर्ववत होते.

साबणाचे पाणी त्या मानाने साधे आहे. ते मऊ अंगाच्या किडीवर प्रत्यक्ष पडले तरच उपयोगी ठरते आणि वाळले की त्याचा प्रभाव संपतो. कपडे धुण्याची पावडर किंवा भांड्यांचा तीव्र साबण वापरू नये, पाणी जड असेल तर साबण फाटतो म्हणून मऊ पाणी घ्यावे, आणि आधी एकाच पानावर फवारून एक दिवस वाट पाहावी.

माझ्या अनुभवात सर्वांत मोठा फरक मात्र कोणत्याही फवाऱ्याने पडला नाही. तो पडला मुंग्यांचा रस्ता बंद केल्याने. मावा झाडाचा रस शोषून गोड, चिकट स्राव टाकतो. त्या स्रावासाठी मुंग्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन गुलाबांपैकी एकाच्या खोडाला मी कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट लेप लावला (लेप थेट सालीवर लावू नये, सालीला इजा होते), कुंडी भिंतीपासून दूर सरकवली आणि भिंतीवर टेकणारी प्रत्येक फांदी छाटली. दुसरा गुलाब तसाच ठेवला. तीन आठवड्यांनी पहिल्यावर मावा तुरळक होता आणि ढालकिड्यांच्या अळ्या फिरत होत्या. दुसऱ्याच्या पानांवर तोच चिकट स्राव साचून काजळीसारखी काळी बुरशी चढू लागली होती. ढालकिड्यांच्या अळ्या काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांच्या आणि दिसायला उग्र असतात. पूर्वी त्यांना कीड समजून मी चिरडत असे, याचे मला आजही वाईट वाटते.

पिवळे चिकट सापळे पांढरी माशी, पंखवाला मावा आणि कुंडीतल्या ओल्या मातीवर घोंघावणारी बारीक चिलटे ओढून घेतात. फुलकिड्यांसाठी निळे सापळे अधिक उपयोगी पडतात. परंतु त्यांना मी उपाय मानत नाही, ते किडीची वर्दी देणारे साधन आहे. शिवाय त्यांवर उपयुक्त कीटकही अडकतात, म्हणून बहरलेल्या झाडांजवळचे सापळे मी दोन महिन्यांनी काढून टाकले. चिलटे कमी झाली ती मातीचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर पूर्ण वाळल्याशिवाय पाणी द्यायचे नाही, हा नियम पाळल्यामुळे, कारण त्यांच्या अळ्या त्याच ओलसर थरात वाढतात.

घरातही पाण्याचाच हिशेब खरा ठरला. झुरळ अन्नाशिवाय कित्येक आठवडे तग धरते, पण पाण्याशिवाय त्याला तितके दिवस काढता येत नाहीत. रात्री सिंक कोरडे पुसणे, गळका नळ दुरुस्त करणे, भिजलेली फडकी बाहेर वाळत टाकणे आणि नळाच्या पाइपाभोवतीच्या फटी बुजवणे ही कामे झाल्यानंतरच डायटोमेशियस अर्थचा उपयोग जाणवू लागला. ही डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या जीवाश्म कवचांची पावडर असते. ती कीटकाच्या अंगावरचा मेणासारखा थर शोषून घेते आणि त्याच्या शरीरातले पाणी उडून जाते. ती कोरडीच हवी, ओली झाली की निष्प्रभ होते. सुरुवातीला मी तिचे जाड ढीग घातले होते, पण झुरळे ढिगाला वळसा घालून जातात. दिसेल न दिसेल इतका पातळ थर फटींत फुंकणी बाटलीने घालावा. तोंडाला मास्क बांधणे आवश्यक आहे, आणि पोहण्याच्या तलावांच्या गाळणीसाठी मिळणारी भाजलेली पावडर घरात मुळीच वापरू नये, कारण तिच्यातली स्फटिकरूप सिलिका फुप्फुसांना घातक असते. पहिले पाच आठवडे मला निराशाच आली, कारण लहान तपकिरी जातीच्या झुरळाच्या एका अंडपेटीत 30 ते 40 पिल्ले असतात आणि पेटीतल्या पिल्लांना या पावडरीचा स्पर्श होत नाही. तिसऱ्या महिन्यात रात्री दिवा लावल्यावर ओटा मोकळा दिसू लागला.

डासांच्या बाबतीत, उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करणे पुरते, असे मी समजत होतो. ते अपुरे आहे. एडिस डासाची अंडी पाण्याच्या कडेवर चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून ताटली घासूनच धुवावी लागते. जे पिंप रिकामे करता येत नाही त्यात मी बीटीआय टाकतो. या जिवाणूचे विष डासांच्या अळ्यांच्या आतड्यात काम करते आणि माशांना किंवा मधमाश्यांना त्याचा त्रास होत नाही. खिडक्यांना जाळी बसवली आहे, तिला तोड नाही.

घरातल्या मुंग्यांसाठी रांगेचा माग साबणाच्या पाण्याने पुसून भेग बुजवणे पुरेसे झाले. धान्यातल्या सोंड्यांसाठी नवीन धान्य उणे 18 अंशांवर चार दिवस ठेवून मग घट्ट डब्यात भरतो. कीटक पळवणारे ध्वनियंत्र मी दोन महिने चालू ठेवले आणि त्याने काहीही फरक पडला नाही. कापूर, लवंग आणि तेलांच्या वासाचा परिणाम काही तासच टिकला.

बागेतला पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडांवर पांढऱ्या मेणाच्या ठिपक्यांसारखी दिसणारी कीड, अजूनही आटोक्यात आलेला नाही. त्याच्या अंगावरच्या मेणामुळे साबण आणि तेल दोन्ही आतपर्यंत पोहोचत नाहीत. जास्वंदीच्या बेचक्यांत मी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक ठिपका पुसतो आणि जास्त लागण झालेल्या फांद्या कापून पिशवीत बंद करून टाकतो, तरी तो दर महिन्याला पुन्हा दिसतो. आता कुंडी बदलताना मुळेही तपासणार आहे, कारण याच्या काही जाती मातीत मुळांवर राहतात.

गेल्या आठवड्यात त्या पहिल्या गुलाबाच्या एका पानाखाली उभ्या पिवळ्या अंड्यांचा लहानसा पुंजका दिसला. ती ढालकिड्याची आहेत. त्या फांदीवर थोडा मावा आहे, आणि तो मी तसाच राहू दिला आहे.