दारातले पावडर कोटिंग: माझी फसवणूक कशी झाली

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन एका इसमाने माझ्या गाडीच्या चारही अलॉय व्हील्सना 'पावडर कोटिंग' करून दिले आणि त्याचे 8,000 रुपये घेतले. प्रत्यक्षात ते पावडर कोटिंग नव्हतेच, डब्यातला साधा स्प्रे होता.

फुटपाथला घासून डावीकडच्या दोन्ही चाकांच्या कडा खरवडल्या होत्या. त्या घरीच रंगवाव्यात म्हणून मी 400 आणि 800 नंबरचा पॉलिश पेपर, प्राइमर, चंदेरी रंग व लॅकरचे डबे आणून ठेवले होते. ते सामान गाडीतून उतरवताना पाहून हा गृहस्थ थांबला. "काका, हा रंग एक पावसाळासुद्धा टिकणार नाही. मी इथेच पावडर कोटिंग करून देतो, पाच वर्षांची गॅरंटी," असे तो म्हणाला आणि मी 3,000 रुपये यूपीआयने आगाऊ पाठवले.

दुसऱ्या दिवशी त्याने एकेक चाक उतरवले, पण टायर रिमवरच ठेवले. टायर आणि रिम यांच्या फटीत त्याने पत्त्यांच्या जुन्या कॅटमधली पाने ओळीने खोचली, म्हणजे रबरावर रंग उडू नये. ही युक्ती मला इतकी आवडली की बाकीचे काही विचारायचे राहूनच गेले. शेवटी त्याने हीट गनने पाच-पाच मिनिटे गरम हवा मारली आणि "बेकिंग झाले" असे सांगून उरलेले पैसे घेतले.

खऱ्या पावडर कोटिंगमध्ये कोरड्या भुकटीला विद्युतभार देऊन ती धातूवर फवारतात आणि नंतर ते चाक साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवतात, तेव्हा भुकटी वितळून तिचा एकसंध, टणक थर तयार होतो. या उष्णतेला टायर आणि व्हॉल्व्ह टिकणार नाहीत, म्हणून ते आधी काढावेच लागतात. टायर चढवलेल्या चाकावर हे काम होऊच शकत नाही, एवढे जरी मला ठाऊक असते तरी मी त्याला फाटकातूनच परत पाठवले असते.

जुलैमध्ये रंगाला फुगे आले. नख लावताच कांद्याच्या पापुद्र्यासारखा थर सुटला आणि खाली ब्रेकची काळी धूळ जशीच्या तशी दिसली. म्हणजे चाक ना नीट धुतले होते, ना घासले होते, आणि प्राइमरचा तर पत्ताच नव्हता. रंगाचे मी एक वेळ सोडून दिले असते. पण नट ज्या खोबणीत टेकतात तिथेही त्याने जाड रंग मारला होता. तो दबत गेल्याने नटांची पकड सैल झाली आणि मेकॅनिकने पाना लावला तेव्हा दोन नट फारसा जोर न लावता फिरले. पुढच्या डाव्या चाकाची हवा सारखी उतरत होती, म्हणून टायरवाल्याने ते पाण्याच्या टाकीत बुडवले, तर बुडबुडे टायरमधून नव्हे, रिममधून येत होते. तिथली पुट्टी खरवडल्यावर बोटभर लांबीची चीर निघाली आणि टायर उतरवताना कडेत अडकलेला पत्त्याचा एक फाटका तुकडाही बाहेर आला. ती रिम मी भंगारात काढली.

त्या माणसाचा फोन आता बंद आहे. गॅरंटी कार्डावर रबरी शिक्का आहे, पण पत्ता नाही. यूपीआयची पावती जपून ठेवून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. असा कोणी तुमच्या दारी आला तर पैसे देण्याआधी टायर काढणार का, भट्टी कुठे आहे आणि पत्त्यासह बिल मिळेल का, हे अवश्य विचारा.

माझे डबे अजून तसेच आहेत. दमट हवेत लॅकर पांढुरके पडते, त्यामुळे ऑक्टोबरचे कोरडे ऊन पडल्यावर उरलेली तीन चाके मीच घासायला घेणार आहे, आणि सुरुवात नटांच्या खोबणीतला रंग काढण्यापासून करणार आहे.